हॉपकिन्सच्या घराचे दार

जून १६४४ मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीत स्टीफन हॉपकिन्स नावाच्या एका थकलेल्या गृहस्थाने आपले मृत्युपत्र केले. पहिल्या बायकोचा मुलगा जाइल्स याला मोठा बैल दिला, मुलगी कॉन्स्टन्सला घोडी. दुसऱ्या बायकोच्या चार मुलींना गाई, वासरांसकट. एकीच्या वाट्याला रेड कोल नावाची गाय आली, दुसरीच्या वाट्याला स्मायकिन्स. मॉटली ही गाय मात्र दोघी बहिणींत निम्मी निम्मी. कोकणात एकाच फणसाचे वाटे भावाभावांत पडतात, त्यातलाच हा प्रकार. आपल्याला बायकोच्या शेजारी पुरावे, एवढे सांगून हा माणूस महिन्या-दीड महिन्यातच गेला.

आज अमेरिकेत या हॉपकिन्सचे वंशज म्हणवून घेणारे हजारो लोक आहेत. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्यांच्या कुळात जन्मणे ही तिथे मोठी प्रतिष्ठेची गोष्ट. पण त्याच्या कुळाचा इतिहास बरीच वर्षे चुकीचा सांगितला जात होता. तो ग्लॉस्टरशायरचा आणि त्याची पहिली बायको कॉन्स्टन्स डडली, असे मानले जाई. १९९८ साली केलेब जॉन्सन या संशोधकाने हॅम्पशायरमधल्या हर्सली गावच्या चर्चची नोंदवही उघडली आणि त्या वंशवृक्षाची मुळेच निराळी निघाली. पहिली बायको मेरी. मुले तीन : एलिझाबेथ, कॉन्स्टन्स आणि जाइल्स.

या बायकामुलांना मागे ठेवून १६०९ मध्ये हॉपकिन्स ‘सी व्हेंचर’ जहाजातून व्हर्जिनियाला निघाला. वय अठ्ठावीस, काम जहाजावरच्या धर्मोपदेशकाच्या मदतनिसाचे. वादळात सापडून जहाज बर्म्युडाच्या खडकांवर आदळले. सुमारे दीडशे माणसे बचावली. बेटावर रानडुकरे, कासवे, पक्षी विपुल. गव्हर्नर गेट्सचा हुकूम होता की नवी गलबते बांधून व्हर्जिनिया गाठायचे. हॉपकिन्स म्हणू लागला, जहाज फुटले तिथेच गव्हर्नरचा अधिकार संपला. आता प्रत्येकजण मोकळा. जानेवारी १६१० मध्ये त्याला पकडून देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. तेव्हा हा तर्कपटू रडला, बायकामुलांचे कसे होईल म्हणून काकुळतीला आला. जहाजाच्या कप्तानासह काही बड्या मंडळींनी रदबदली केली आणि त्याला माफी मिळाली. या जहाजफुटीच्या हकिकतीचा शेक्सपिअरने ‘द टेम्पेस्ट’साठी आधार घेतला असे मानले जाते.

ज्या बायकामुलांच्या नावाने जीव वाचला, त्यांचे पुढे काय झाले? मे १६१३ मध्ये मेरी हर्सलीत वारली. तिच्या किडुकमिडुकाचा कारभार मुलांच्या बापाच्या हाती गेला नाही. गावच्या गोरगरिबांची व्यवस्था पाहणाऱ्या पंचांकडे तो सोपवावा लागला. पोरे गावाच्या ओटीत पडली.

पुढे इंग्लंडला परतून हॉपकिन्सने १६१८ मध्ये लंडनला एलिझाबेथ फिशरशी लग्न केले. १६२० मध्ये तो पुन्हा निघाला, या वेळी कुटुंबासह. ‘मेफ्लॉवर’वरच्या १०२ उतारूंत एलिझाबेथ, कॉन्स्टन्स, जाइल्स, धाकटी डामारिस आणि दोन नोकर त्याच्यासोबत होते. भर समुद्रात मुलगा झाला. त्याचे नाव ओशनस. किनाऱ्याला लागल्यावर वसाहतीच्या कारभाराचा जो करारनामा झाला, त्यावर एकेकाळच्या या बंडखोराचीही सही आहे. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसे दगावली. हॉपकिन्सच्या घरातले एकही गेले नाही.

मार्च १६२१ मध्ये सामोसेट नावाचा मूळ रहिवासी एकटाच वस्तीत शिरला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलला आणि त्याने बिअर मागितली. रात्री त्याला ठेवायचे कुठे? हॉपकिन्सच्या घरी. पाहुणचार झाला आणि नजरही ठेवली गेली. त्याच वर्षी त्याचे दोन नोकर तलवार-खंजीर घेऊन एकमेकांशी लढले. डोके आणि पाय एकत्र बांधून चोवीस तास ठेवायचे, अशी शिक्षा झाली. त्यांच्या वेदना पाहवेनात. तासाभरातच त्यांची सुटका झाली. त्यांच्यासाठी गयावया करणाऱ्यांत मालकही होता.

हेच घर पुढे टॅव्हर्न झाले. टॅव्हर्न म्हणजे नुसता गुत्ता नव्हे. खाणावळ, वाटसरूची उतरण्याची सोय आणि गावगप्पांची चावडी, सारे एकाच छपराखाली. हॉपकिन्स १६३६ पर्यंत गव्हर्नरच्या सल्लागारांपैकी एक होता; पण १६३७ पासून न्यायालयाच्या दप्तरात त्याचे नाव वारंवार दिसते, ते आरोपी म्हणून. रविवारी प्रार्थना आटोपण्यापूर्वीच लोकांना पिऊ दिले, फळीवर नाणी सरकवण्याचा खेळ चालू दिला. एका पेनीच्याही लायकीची नसलेली बिअर दोन पेन्सांना विकली. नऊ पेन्सांचा आरसा सोळा पेन्सांना विकल्याचा आरोप झाला, तर परवान्याशिवाय कडक दारू विकल्याबद्दल तीन पौंड दंड झाला. या लबाड्यांचे आपल्याला हसू येते. धंदा करणारा माणूस, चालायचेच.

डोरोथी टेंपलच्या प्रकरणाशी मात्र हसू थांबते.

डोरोथी त्याची करारबद्ध मोलकरीण. आर्थर पीच नावाच्या तरुणापासून ती गरोदर राहिली. पीचने साथीदारांसह एका मूळ रहिवाशाला लुटून ठार मारले आणि सप्टेंबर १६३८ मध्ये तो फासावर गेला. तिच्या कराराची दोन वर्षे उरली होती. तेवढा काळ तिला आणि तिच्या मुलाला सांभाळ, असे न्यायालयाने हॉपकिन्सला बजावले. त्याने साफ नकार दिला. बेअदबीबद्दल त्याला कोठडीत टाकले, तरी तो बधला नाही. चौथ्या दिवशी जॉन होम्स याला तीन पौंड देण्याचे ठरले आणि डोरोथी मुलासकट त्याच्याकडे गेली. विनापरवाना दारूचा दंड तो तेवढाच. पुढे तिला दोनदा फटके मारण्याची शिक्षा झाली. पहिल्याच वेळी ती बेशुद्ध पडली, म्हणून दुसरी वेळ टळली.

वारसाहक्काचे कागद तपासण्यात माझी बँकेतली बरीच वर्षे गेली. कागद तेवढेच सांगतो, जेवढे त्याला विचारावे. वंशज जहाजाचे नाव विचारतात. कागद ते देतो. पण दप्तर पुढचेही पान उघडे ठेवते. बायकामुलांची शपथ घालून स्वतःसाठी माफी मिळवलेला, नोकरांसाठी माफी मागितलेला आणि ज्याची स्वतःची पोरे परक्यांनी सांभाळली असा हा माणूस. सामोसेटसाठी त्याचे दार उघडले. घरातल्याच एका पोरीवर ते बंद झाले, तेही जाणूनबुजून, चार दिवसांची कैद पत्करून.

घर-जमीन ज्याला दिली तो केलेब खलाशी झाला आणि बार्बेडोसला वारला. वंश चालला तो जाइल्स आणि मुलींकडून. एकट्या कॉन्स्टन्सला बारा मुले झाली. ज्यांचा सांभाळ एकदा गावच्या पंचांवर पडला होता, त्याच पोरांनी ‘मेफ्लॉवर’ची ही वेल वाढवली. वंशवृक्षाची ही फांदी अभिमानाने दाखवणाऱ्यांनी कधीतरी ते चार दिवसही त्यावर मांडून पाहावेत. गाईसुद्धा निम्मी निम्मी वाटणाऱ्या त्या घरात एका तान्ह्या पोराला दोन वर्षांचा निवारा मिळाला नव्हता.