बहिणाबाईंची वज्रसूची

वेरुळास घृष्णेश्वराच्या दर्शनास अथवा लेणीं पाहण्यास गेलेले आमचे वाचक पुष्कळ असतील. परंतु तेथून पश्चिमेस असलेलें देवगांव पाहिलेला गृहस्थ विरळाच. त्या गांवीं १६२८ सालीं संत बहिणाबाईंचा जन्म झाला. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी त्या निराळ्या.) बालपणींच तीस वर्षांच्या बिजवराशीं लग्न, पुढें घरच्या तंट्यापायीं गांव सोडून सारें कुटुंब फिरत फिरत कोल्हापुरास आलें. तेथें कीर्तनांतून तुकोबांचे अभंग कानीं पडले, आणि तुकोबांस बाईंनीं स्वप्नांतच गुरु केलें. नवरा वेदपाठी. कीर्तनाच्या नादापायीं त्यानें त्यांस बांधून मारलें, आणि शूद्र गुरूचें नांव निघतांच घर सोडण्याची भाषा केली. पुढें आजारपणांत तो वरमला व उभयतां देहूस गेलीं.

हें सर्व बाईंनीं स्वतःच अभंगबद्ध करून ठेविलें आहे. सतराव्या शतकांत स्त्रीनें आत्मचरित्र रचावें, एवढ्यावरच त्यांची थोरवी सिद्ध होते. तथापि आमच्या मतें त्यांचें मोठें काम म्हणजे वज्रसूचीचें मराठी रूप. ह्या संस्कृत ग्रंथास कोणी उपनिषद् मानितात, तर कोणी बौद्ध पंडित अश्वघोषाची कृति म्हणतात. ब्राह्मण म्हणावें कोणास, एवढाच त्यांतील प्रश्न. जीव, देह, जाति, ज्ञान, कर्म असा एकेक साक्षीदार पुढें येतो व उलटतपासणींत कोसळतो. देहच ब्राह्मण, तर बापाचें प्रेत जाळणाऱ्या पुत्रास ब्रह्महत्येचें पातक लागावें! जातीवरून ठरवावें, तर कोळिणीच्या पोटीं जन्मलेल्या व्यासांचें काय? शेवटीं ब्रह्म जाणील तोच ब्राह्मण, असा निकाल. आम्ही कोर्टांत पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत. इतका बिनतोड क्वचितच.

ह्याच बाईंनीं पतिसेवेचाहि उपदेश केला आहे, आणि स्त्रीजन्मास वेदाचा अधिकार नाहीं म्हणून खेदहि केला आहे. आजच्या सुधारकांस त्यांतील पहिली गोष्ट रुचणार नाहीं. ती झांकून ठेवणें मात्र अप्रामाणिकपणाचें होईल. मार देणाऱ्याच्या घरांत राहून जन्मजात श्रेष्ठत्व खोटें ठरविणें, हें सभेंत ठराव मांडण्याइतकें सोपें नव्हे.

१७०० सालीं शिऊर येथें बाईंनीं देह ठेविला. तेथील समाधीपुढें हात जोडून आलेली मंडळी घरीं सोयरीक जुळवितांना प्रथम जातच विचारतात. आम्हांस ह्याचें नवल वाटत नाहीं. वज्रसूचीचे ते अभंग त्यांच्या कानांवर घालतो कोण?