वैयाकरण मोरो केशव दामले

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीची सेवा करणाऱ्यांची आठवण निघाली, की कवी, नट आणि गायक यांची नावे आपल्या ओठांवर येतात. वैयाकरणाचे स्मरण सहसा कोणास होत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशा एका उपेक्षित उपासकाचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस वाटले.

मोरो केशव दामले यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६८ रोजी झाला. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत हे त्यांचे वडील बंधू. एकाच घरातील एका भावाने मराठी कवितेला नवे वळण दिले आणि दुसऱ्याने मराठी वाक्याची घडण उलगडून दाखविली, हा योग विलक्षण होय. एम. ए. झाल्यावर दामले शिंदे संस्थानातील उज्जैन येथे माधव महाविद्यालयात प्राध्यापक झाले. भोवती हिंदी आणि माळवी बोलली जात असताना त्यांनी मराठी व्याकरणाचा व्यासंग जोपासला. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला.

तत्पूर्वी दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले होते आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीही या विषयावर मार्मिक निबंध लिहिले होते. परंतु मराठी वाक्याला कधी इंग्रजी व्याकरणाचे, तर कधी संस्कृताचे माप लावले जाई आणि त्यातून वाद उद्भवत. दामल्यांनी पूर्वसूरींची मते एकेक करून तपासली, रूपांचा उगम संस्कृत-प्राकृतापर्यंत शोधला आणि विवेचनाला शास्त्राची शिस्त लावली.

या वादांतील एक मोठा प्रश्न कर्त्याचा. ‘राम आंबा खातो’ येथे अडचण नाही. खाणारा राम, आणि क्रियापदही रामाच्या मागे जाते. ‘रामाने पोळी खाल्ली’ असे म्हणताच खाणारा रामच राहतो, पण क्रियापद पोळीचे लिंग घेते. ‘रामाने रावणास मारले’ येथे तर ते कोणाचेच ऐकत नाही. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आवड माझी, परंतु क्रियापद आंब्याचे! मग कर्ता कोणास म्हणावे? अर्थाच्या दृष्टीने क्रिया करणारा वा अनुभवणारा एक, आणि क्रियापदावर सत्ता चालविणारा दुसरा, अशी ही दोन नाती आहेत. ती वेगळी ओळखल्यावाचून मराठीच्या प्रयोगांचे कोडे सुटत नाही. पाणिनीच्या कारकविचारात या भेदाची जाण आहेच. पाश्चात्त्य भाषाविज्ञानात चार्ल्स फिलमोर यांनी १९६८ साली याच स्वरूपाचा विचार नव्याने मांडला, तेव्हा दामल्यांच्या जन्माला शंभर वर्षे होत होती.

हा विषय रुक्ष वाटेल. पण आमचे सारे आयुष्य सरकारी कागदांत गेले आहे. ‘कळविण्यात येते’, ‘आदेश देण्यात येत आहेत’ अशी वाक्ये आम्ही नित्य पाहिली. त्यांत क्रिया असते, कर्म असते. कर्ता मात्र हजेरीपटावरून गायब! जबाबदारी कोठे लपते, हे व्याकरण जाणणाऱ्याच्या चटकन ध्यानी येते.

भिलाईतील आपल्या मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न घरचाच आहे. ती शाळेत ‘मैंने रोटी खाई’ म्हणतात आणि घरी ‘मी पोळी खाल्ली’. हिंदीतील ‘ने’ मराठीच्या ‘मी’ला लागत नाही, तरी क्रियापद पोळीमागेच जाते. ‘त्याने’ म्हणताच तो ‘ने’ पुन्हा प्रकट होतो. मूल येथे अडखळले, तर त्याला हसण्यापेक्षा ही गंमत समजावून द्यावी. भाषा नुसती दटावून टिकत नाही. तिची रचना कळली म्हणजे तिच्याविषयी ममत्व उपजते.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दामल्यांस जेमतेम दोन वर्षे लाभली. ३० एप्रिल १९१३ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे १९७० साली कृष्ण श्री. अर्जुनवाडकर यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. साठ वर्षांनंतरही विद्वानांना ज्याच्याशी वाद घालावासा वाटतो, तो ग्रंथ जिवंतच म्हणावा लागेल.

परमुलखात राहून मातृभाषेचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या या व्यासंगी पुरुषास आमचे विनम्र अभिवादन. मंडळाच्या ग्रंथालयात त्यांचा ग्रंथ असावा आणि तो अधूनमधून उघडला जावा, एवढीच इच्छा.