डॉ. विल्यम कोली : तापात उपचार शोधणारा सर्जन

न्यूयॉर्कमध्ये १८९० साली १७ वर्षांची एक मुलगी सुजलेला हात घेऊन डॉ. विल्यम कोली यांच्याकडे आली. निदान झाले सार्कोमाचे. कोलींनी तिचा हात कोपराखाली कापला, तरी गाठी अंगभर पसरल्या आणि जानेवारी १८९१ मध्ये ती दगावली. १८६२ साली जन्मलेल्या कोलींनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही.

त्यांनी रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळल्या. त्यात एक चमत्कारिक प्रकरण सापडले. मानेवरची गाठ वारंवार काढूनही परत येणाऱ्या एका रुग्णाला धावरे झाले, कडक ताप आला आणि गाठ विरघळून गेली. कोलींनी गरीब वस्त्यांत फिरून त्याला शोधून काढले. काही वर्षांनंतरही तो ठणठणीत होता.

मग कोलींनी कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम धावऱ्याचे जिवाणू टोचले. काहींच्या गाठी आटल्या, पण दोघे संसर्गानेच दगावले. त्यामुळे १८९३ पासून ते मारलेले जिवाणू वापरू लागले. ही लस ‘कोलीज टॉक्सिन्स’ म्हणून ओळखली गेली. पोटात मोठी गाठ असलेला १६ वर्षांचा मुलगा तिने बरा झाला आणि पुढे २६ वर्षे जगला.

याच काळात क्ष-किरण आणि रेडियम आले. कोलींनी स्वतः क्ष-किरण वापरून पाहिले. किरण पडतील तिथली गाठ आटते, इतरत्रचा आजार तसाच राहतो, असे त्यांना दिसले. मात्र त्यांच्याच मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. जेम्स युइंग किरणोपचारांचे पुरस्कर्ते आणि लशीचे टीकाकार होते. टीकेत तथ्यही होते. लस बनवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या, मात्रा एकसारखी नव्हती आणि रुग्णांचा पाठपुरावा अपुरा होता. १९३६ मध्ये कोली वारले, तेव्हा लस मागे पडली होती. पुढे त्यांची मुलगी हेलन हिने त्यांच्या नोंदी जमवल्या आणि १९५३ मध्ये कर्करोग संशोधन संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला.

२०१२ मध्ये त्याच हॉस्पिटलमधून, आजच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून, एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. तिला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग होता आणि तो शरीरभर पसरला होता. प्रतिकारशक्तीचा ‘ब्रेक’ काढणारे इपिलिमुमॅब हे औषध चालू असताना तिच्या पाठीच्या कण्याजवळील एका गाठीवर किरणोपचार केले गेले. त्यानंतर किरण न पडलेल्या गाठीही आकसल्या. किरणांनी मरणाऱ्या पेशींचे अवशेष शरीराच्या सैनिक पेशींना शत्रूची ओळख पटवून देतात आणि ब्रेक निघालेल्या या पेशी दूरच्या गाठींवरही हल्ला करतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

असा परिणाम क्वचितच दिसतो आणि चाचण्यांचे निष्कर्षही संमिश्र आहेत. त्यामुळे दोन्ही उपचार एकत्र घ्यायचे की नाही, हे कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवायचे. पण एकेकाळी ज्या हॉस्पिटलात हे दोन उपचार एकमेकांचे स्पर्धक होते, तिथेच ते एका रुग्णासाठी एकत्र आले.