कमी पगाराची नोकरी

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर दारिद्र्याशी झगडत एम.ए. झाले. सरकारी नोकरीचे दार उघडे होते. त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधली तुटपुंज्या पगाराची मास्तरकी पत्करली आणि आपला बेत आईला पत्राने कळवूनही टाकला. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार आतबट्ट्याचाच वाटे. पुढे उमगले : गरजा आधीच आखडून घेतलेल्या माणसाला भिववायचे तरी कशाने? घरच्यांना काय सोसावे लागले असेल, ते वेगळेच.

१८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते पुन्हा शाळेत आणि ‘केसरी’त रुजू झाले. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी पटेना, तेव्हा १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकपद सोडले, पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने जीव कासावीस होई, पण लेखणी थांबली नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी गेले, तेव्हा वय अवघे ३८. उशाशी एक पुरचुंडी सापडली, अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवलेली, असे सांगतात.