चतुर पंडित विष्णु नारायण भातखंडे

श्रावण वद्य अष्टमी ही भगवान श्रीकृष्णाच्या जन्माची तिथी. शके १७८२ मध्ये, म्हणजे १० ऑगस्ट १८६० रोजी, याच पुण्यतिथीस मुंबईत वाळकेश्वर येथे विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची होती. परंतु वडिलांना संगीताची आवड असल्यामुळे मुलाच्या कानावर चांगले सूर लहानपणापासूनच पडले. मंदिरात ज्याने भजन ऐकले नाही असे घर आपल्या समाजात विरळा. परंतु जे ऐकतो ते आले कोठून, त्याचा उगम कोणता, आणि ते मनाला का मोहविते, असा प्रश्न फार थोड्यांच्या मनात उद्भवतो. भातखंडे यांच्या मनात तो उद्भवला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात त्यांनी आपले सारे आयुष्य वेचले.

त्या काळी सभ्य गृहस्थाने गाणेबजावणे शिकावे ही गोष्ट फारशी प्रतिष्ठेची मानली जात नसे. तरीही महाविद्यालयीन शिक्षण चालू असतानाच वल्लभदास या अंध सतारवादकांकडे त्यांनी सतारीचे धडे घेतले. सन १८८४ मध्ये मुंबईतील पारशी गृहस्थांनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीचे ते सभासद झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना धृपदांचा मोठा संग्रह मिळाला. सन १८८५ मध्ये ते बी. ए. झाले व १८८७ मध्ये एल्‌एल्. बी.; त्यानंतर काही काळ कराचीस व पुढे मुंबईस त्यांनी वकिली केली. व्यवसाय उत्तम चालला असता. परंतु १९०० साली पत्नीचे निधन झाले आणि १९०३ साली एकुलती कन्याही गेली. अशा आघाताने एखादा मनुष्य खचून गेला असता. भातखंडे यांनी प्रपंचातून मन काढले ते मात्र संगीताच्या सेवेत पुरतेपणी घालण्यासाठी. हळूहळू वकिलीही त्यांनी सोडून दिली.

त्यांच्यापुढे असलेली अडचण समजून घेतली पाहिजे. आपले संगीत सामवेदापासून अखंड चालत आले असून भरताचे नाट्यशास्त्र आणि शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर हे त्याचे आधारग्रंथ आहेत, अशी सर्वसाधारण समजूत होती. शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास होता. म्हणजे हा थोर ग्रंथ आपल्याच महाराष्ट्रभूमीवर निर्माण झाला. ग्रंथाचे नाव सर्वांच्या मुखी होते, परंतु त्यातील ग्राम, मूर्च्छना व राग आजच्या गायनात दाखवून देईल असा विद्वान कोणी भेटत नव्हता. उलट जे उस्ताद प्रत्यक्ष उत्तम गात, त्यांना ग्रंथ ठाऊक नव्हते. विद्या एकीकडे आणि कला दुसरीकडे, अशी ही फारकत होती. त्यातच घराण्यातील चिजा घराण्याबाहेर जाऊ द्यावयाच्या नाहीत असा दंडक असल्यामुळे, एखादा वृद्ध गवई निवर्तला की त्याच्याबरोबर शेकडो रचना नाहीशा होत.

सन १९०४ मध्ये भातखंडे दक्षिणेच्या यात्रेस निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर अशी ती यात्रा होती. परंतु देवदर्शनाबरोबरच ग्रंथसंग्रह आणि विद्वान यांचे दर्शन हा तिचा मुख्य हेतू होता. एट्टयपुरम् येथे मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातील सुब्बराम दीक्षितर यांची भेट झाली. मुत्तुस्वामींनी स्वतः तरुणपणी काही वर्षे काशीस काढली होती आणि उत्तरेकडील रागांतही कृती रचल्या होत्या. म्हणजे उत्तर व दक्षिण यांमधील ही वाट पूर्वीपासून वाहती होती. याच प्रवासात भातखंडे यांना व्यंकटमखीच्या चतुर्दंडिप्रकाशिकेतील बहात्तर मेळांचे महत्त्व उमगले. सप्तकाच्या पूर्वार्धात स्वरांचे सहा प्रकार, उत्तरार्धात सहा, त्यांच्या जोड्या छत्तीस, आणि दोन मध्यमांमुळे त्या बहात्तर. असा हा सरळ हिशोब आहे. कितीही राग असले तरी त्यांना बसविण्यास त्यात जागा आहे. उत्तरेच्या संगीतातील गोंधळ दूर करण्याची किल्ली आपल्याला दक्षिणेत मिळाली, हे त्यांनी कृतज्ञतेने मान्य केले.

पुढे १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयनगरम्, जगन्नाथपुरी व कलकत्ता, आणि त्यानंतर प्रयाग, काशी, मथुरा वगैरे उत्तरेकडील क्षेत्रे त्यांनी पाहिली. हैदराबादेत संस्कृत पंडित अप्पा तुळशी यांचा स्नेह जडला, कलकत्त्यास राजा सौरींद्रमोहन ठाकूर यांची भेट झाली. प्रत्येक ठिकाणी ते प्रश्न विचारीत, उत्तरे टिपून ठेवीत आणि हस्तलिखितांच्या नकला करवीत. लोचनाची रागतरंगिणी, रामामात्याचा स्वरमेलकलानिधि, सोमनाथाचा रागविबोध, अहोबलाचा संगीतपारिजात, अशा ग्रंथांचा त्यांनी कसून अभ्यास केला.

त्यांत पुंडरीक विठ्ठल या ग्रंथकाराचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. हा सोळाव्या शतकातील पंडित मूळचा कर्नाटकातला. तो खानदेशच्या फारुकी राजांच्या आश्रयास बऱ्हाणपूरला आला आणि पुढे उत्तरेकडे गेला. त्याने आपल्या संस्कृत ग्रंथात इराणी स्वररचनांची नावेही नोंदली आणि त्या आपल्या कोणत्या रागांशी जुळतात ते सांगितले. देववाणीत लिहिणाऱ्या त्या पंडितास परकीय सुराचा विटाळ वाटला नाही. आपल्या रागांची नावे पाहिली तरी हेच दिसून येते. गुर्जरी, मालव, गौड, मुलतानी, जौनपुरी, मांड, पहाडी ही प्रांतांची, गावांची आणि लोकांची नावे आहेत. कोठे मारवाडातील गाणे, कोठे डोंगरी लोकांची धून, कोठे मुसलमान दरबारातील आवड, हे सारे राग होऊन शास्त्राच्या पंक्तीस बसले. ख्याल हा शब्दच अरबी-फारसी आणि सतार हे नावही फारसी. परंतु आज ती आपल्या घरातली आहेत. अनेक ओढ्यांचे पाणी मिळाल्यानेच नदी मोठी होते, आणि गोडीही तीतच असते.

या अभ्यासातून भातखंडे ज्या निष्कर्षास आले तो उघडपणे मांडण्यास धैर्य लागत होते. आज गाइले जाणारे संगीत प्राचीन ग्रंथांतील संगीताहून फार वेगळे झाले आहे, जुन्या ग्रंथांतील शुद्ध सप्तक आणि आजचे बिलावलाचे शुद्ध सप्तक एक नव्हे, आणि आजच्या रागांचे प्रमाण आज गाणाऱ्यांच्या कंठातच शोधले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. संगीत हे सतत बदलणारे आहे, हे त्यांनी ओळखले. वेदांपासून काहीच बदलले नाही असे मानणाऱ्यांस हे रुचण्यासारखे नव्हते. भातखंडे स्वतः धर्मनिष्ठ कुटुंबातले, संस्कृतचे जाणकार, परंपरेचे अभिमानी. परंतु अभिमानापेक्षा सत्य त्यांना अधिक प्रिय होते.

प्रमाण उस्तादांपाशी आहे असे एकदा ठरल्यावर त्यांच्या दारी जाणे क्रमप्राप्तच होते. जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अलीखाँ व त्यांचे पुत्र यांच्याकडून शेकडो चिजा त्यांनी मिळविल्या. ग्वाल्हेरच्या एकनाथ पंडितांनी आपला संग्रह त्यांना दिला. रामपूरला तानसेनाच्या वंशपरंपरेतील वजीरखाँ होते. तेथे पन्नाशी उलटलेल्या या विद्वान ब्राह्मणाने रीतीप्रमाणे शिष्यत्व पत्करले. उस्तादांच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. चीज ही त्यांची मिराशी होती, मुलाबाळांची भाकर होती. ती छापून बाजारात गेली तर आपणांस कोण विचारणार, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. असे असूनही ज्यांनी विद्या दिली, त्यांचे ऋण मोठे आहे. भातखंडे यांच्या लेखनात उस्तादांच्या अशिक्षितपणाविषयी जी कठोर मते आढळतात ती आज वाचताना खटकतात. ज्यांच्या कंठावर त्यांचा सारा ग्रंथसंभार उभा राहिला, त्यांना याहून अधिक आदर मिळावयास हवा होता.

मिळालेली विद्या त्यांनी आपल्यापाशी ठेवली नाही. चतुर पंडित हे टोपणनाव घेऊन त्यांनी श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ रचला. सन १९१० पासून हिंदुस्थानी संगीतपद्धती या ग्रंथाचे चार भाग गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने आपल्या मराठी भाषेत प्रसिद्ध केले. शेवटचा भाग १९३२ मध्ये निघाला. उत्तरेकडील सारे राग त्यांनी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी या दहा थाटांत मांडले. काही राग या मांडणीत नीट बसत नाहीत असा आक्षेप नंतरच्या जाणकारांनी घेतला, आणि तो खोटा नाही. तथापि विद्यार्थ्यास प्रवेश मिळावा म्हणून बांधलेला हा घाट आहे. नदी त्याहून मोठी असणारच. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सुमारे अठराशे रचना त्यांनी स्वरलिपीसह दिल्या. मंद्र सप्तकास खाली टिंब, तार सप्तकास वर टिंब, कोमल स्वरास खाली रेघ आणि तीव्र मध्यमास उभी रेघ, इतकी ती लिपी सोपी आहे.

मार्च १९१६ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या आश्रयाने बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. मौलाबक्ष यांनी तेथे १८८६ मध्ये संगीतशाळा सुरू करून पाया घातलाच होता. एकाच मंडपात पंडित, उस्ताद आणि इंग्रज अभ्यासक एकत्र बसले आणि श्रुतींसारख्या विषयावर त्यांची खुली चर्चा झाली, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. उत्तर व दक्षिण या दोन्ही पद्धती पुढेमागे एक व्हाव्यात, अशी आशा भातखंडे यांनी तेथे व्यक्त केली. ती सफल झाली नाही; परंतु दोन्ही पद्धती आपापल्या तेजाने नांदत आहेत, यात हानी कोणाचीच नाही. पुढील परिषदा १९१८ मध्ये दिल्ली, १९१९ मध्ये काशी आणि त्यानंतर लखनौ येथे भरल्या.

ग्वाल्हेरीचे श्रीमंत माधवराव शिंदे यांनी आपले सात गायक मुंबईस त्यांच्याकडे शिकण्यास पाठविले आणि १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय स्थापन झाले. राजाभय्या पूछवाले हे त्या मंडळींपैकीच. लखनौस १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज निघाले, आणि भातखंडे यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी त्याची धुरा दीर्घकाळ वाहिली. तीच संस्था आज भातखंडे यांच्या नावाचे विश्वविद्यालय झाली आहे. मध्यमवर्गीय घरातील मुलामुलींना राजरोस संगीत शिकता यावे, हे जे आज सहज वाटते, त्याचे श्रेय त्यांना व त्यांचे समकालीन विष्णु दिगंबर पलुसकर यांना आहे. पलुसकरांनी भक्तीच्या मार्गाने, तर भातखंडे यांनी ग्रंथाच्या मार्गाने तेच कार्य केले.

सन १९३३ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणास खिळविले. तशाही स्थितीत उरलेल्या लेखनाची त्यांना काळजी होती. क्रमिक पुस्तकांचे शेवटचे भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. गोकुळाष्टमीस जन्मलेल्या या पुरुषाने शके १८५८ च्या गणेशचतुर्थीस, १९ सप्टेंबर १९३६ रोजी, देह ठेवला.

आपल्या मंदिरांतून गायिली जाणारी पदे, आरत्या व भजने यांच्या चालीही अशाच दूरदूरच्या सुरांतून घडलेल्या आहेत. महाराष्ट्र सोडून पिढ्या लोटलेल्या आपल्या घराण्यांनी काही चाली पूर्वजांबरोबर आणल्या, काही नव्या भूमीवर शेजाऱ्यांकडून घेतल्या. त्यांतल्या कित्येक आज केवळ घरातील एखाद्या वृद्ध आजींनाच येत असतील. ध्वनिमुद्रणाचे साधन आता प्रत्येकाच्या हाती आहे. भातखंडे यांना त्यासाठी अर्धा हिंदुस्थान पालथा घालावा लागला. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील चार जुन्या चाली, त्या कोणी शिकविल्या त्या व्यक्तीच्या नावासह, नोंदवून ठेवाव्यात आणि मुलांकडून म्हणवून घ्याव्यात. चतुर पंडितांचे स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग दुसरा नाही.