संदर्भयादीत नसलेलं नाव

डीएनएची दुपेडी शिडी म्हटलं की वॉटसन आणि क्रिक, हे आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं. रोझलिंड फ्रँकलिन हे नाव मला फार उशिरा कळलं.

२५ एप्रिल १९५३च्या 'नेचर'मध्ये डीएनएवर लागोपाठ तीन लेख आले. पहिला वॉटसन-क्रिक यांचा, तिसरा रोझलिंड आणि त्यांचा विद्यार्थी गॉस्लिंग यांचा. या दोघांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात क्ष-किरणांनी टिपलेलं डीएनएचं चित्र रोझलिंडना न विचारता वॉटसनना आधीच दाखवलं गेलं होतं. तरी पहिल्या लेखाच्या सहा संदर्भांत रोझलिंड नाहीत. शेवटच्या आभारात आहेत. काम छापून आलेलं नव्हतं, हे कारण. आणि संदर्भ मोजणारी प्रणाली आभार मोजत नाही! दिवसभर आकडे मोजणारे प्रोग्रॅम लिहिते, म्हणून मला हे जास्तच टोचतं.

गंमत म्हणजे, त्यांच्या ज्या लेखाचा आजही भरपूर संदर्भ दिला जातो, तो डीएनएवरचा नाहीच. तो १९५१चा, कार्बनवरचा: तापवल्यावर कोणत्या कार्बनचं ग्रॅफाइट होतं आणि कोणत्याचं काही केल्या होत नाही. सोडियम-आयन बॅटरीवाले अजून तो उघडतात.

पुढे बर्कबेक कॉलेजात त्यांनी तंबाखूच्या रोगाच्या विषाणूत आरएनए नेमका कुठे असतो, ते दाखवलं. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरही लेख थांबले नाहीत. १६ एप्रिल १९५८ला त्या गेल्या, अवघ्या ३७ वर्षांच्या. विषाणूंचं काम सहकारी आरन क्लूग यांनी पुढे नेलं. १९८२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.