ओळख चित्रकाराची : रावबहादूर धुरंधर आणि त्यांच्या चित्रांतल्या बायका



कपड्यावरून माणसाचा हुद्दा कळतो, हे सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. अंगात कव्हरऑल आहे की इस्त्रीचा शर्ट, एवढ्यावरून समोरचा माणूस कोण याचा अंदाज लांबूनच येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत बायकांच्या बाबतीत हेच काम लुगडे करीत असे. आणि ते बारकाईने चितारून ठेवले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूरचा, पाठारे प्रभू कुटुंबातला. १८९० साली ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. गोऱ्या चित्रकारांची मक्तेदारी असलेल्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती!

पण त्यांना घरोघरी पोचवले ते पोस्टकार्डांनी, कॅलेंडरांनी आणि पुस्तकांतल्या चित्रांनी. १९१२ साली एडवर्ड्स साहेबांच्या मुंबईवरील पुस्तकात त्यांची चित्रे आली. १९२० साली ऑटो रॉथफेल्ड या आय.सी.एस. अधिकाऱ्याचे भारतीय स्त्रियांवरचे पुस्तक तारापोरवाला यांनी काढले, त्यातली रंगीत चित्रे धुरंधरांचीच. सरदार घराण्यातल्या स्त्रियांपासून मजूर आणि आदिवासी बायकांपर्यंत सगळ्या त्यात आहेत.

धुरंधरांची ही चित्रे सावकाश पाहण्यासारखी आहेत. नऊवारी सगळ्यांचीच, पण नेसण्यात केवढा फरक! खानदानी बाईचे लुगडे घोट्यापर्यंत आणि पदर डोक्यावरून. कोळणीचे गुडघ्यापर्यंत घट्ट आवळलेले, कारण तिला पाटी घेऊन चालायचे आहे. एकीच्या अंगावर नथ, ठुशी, पाटल्या, तर दुसरीच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. लांब बाह्यांचे पोलके आणि पायात चपला दिसल्या की समजावे, घरात नवे वारे शिरले आहे. त्या काळी बाईने पायात घालणे, छत्री घेणे हासुद्धा चेष्टेचा विषय होता, हे आज आपल्या मुलींना खरे वाटणार नाही. आपल्या घरच्या जुन्या अल्बममधल्या पणजीच्या लुगड्याचा रंग फोटोत काळाच दिसतो. तो हिरवा असेल की अंजिरी, याची कल्पना धुरंधरांच्या चित्रांवरून करता येते.

एक गोष्ट मात्र खटकते. साहेबाच्या पुस्तकात या बायकांना स्वतःचे नाव नाही. चित्राखाली बहुधा जात नाहीतर प्रांत, म्हणजे एक बाई म्हणजे अख्खी जमात! हा दोष पुस्तकाच्या रचनेचा, तरी धुरंधरांचा त्यात हात होताच. माझ्या मते त्यांना वाचवते ती त्यांची रेषा. त्यांची बाई नमुना म्हणून उभी राहत नाही, ती कुठेतरी निघालेली असते, देवळात, बाजारात, कामावर. कपड्यांवरून जात कळली तरी चालण्यातली ऐट तिची एकटीचीच वाटते.

१९२७ साली ते रावबहादूर झाले. निवृत्त होण्यापूर्वी जे. जे.च्या संचालकपदाचे कामही त्यांनी पाहिले. त्या वास्तूतल्या १८९० ते १९३१ या काळाच्या आठवणी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या पुस्तकात आहेत. १ जून १९४४ रोजी ते गेले.

त्यांची मुलगी अंबिका (१९१२-२००९) हिनेही जे. जे.मध्येच शिक्षण घेतले. तिथे मुली फारशा नव्हत्या तेव्हाची ही गोष्ट. बापाने आयुष्यभर बायकांची चित्रे काढली, मुलीने स्वतः ब्रश हातात घेतला आणि आपल्या चित्रांखाली स्वतःचे नाव लिहिले.